दुसऱ्या काखेत

शर्टाची बटणं लावून तिने खुर्ची पुढे ओढली आणि सर्जनबाईंच्या अगदी समोर बसली.

"उजव्या काखेतल्या उरलेल्या सगळ्या ग्रंथी काढून टाकू," बाई म्हणाल्या. "धोका नको."

काही वर्षांपूर्वी उजवा स्तन काढला, तेव्हा त्या काखेतल्या दोन-तीन ग्रंथीही गेल्या होत्या. आता व्रणाच्या कडेला वाटाण्याएवढी गाठ आली होती. तोच कर्करोग, परत. ती सुतारकाम करायची. उजव्या हाताने रंधा मारूनच तिने संसार उभा केला होता.

"त्या ग्रंथींत आजार दिसलाय का?"

"सोनोग्राफीत नाही. पण खात्री कोण देणार?"

"आणि काढल्यावर हात सुजेल?"

"सुजू शकतो. कायमचाही."

"म्हणजे चोर दिसला नाही, तरी घर पाडायचं?"

शेजारी बसलेला नवरा कळवळला. "अगं, हात काय जिवापेक्षा मोठा? डॉक्टर, काढून टाका तुम्ही."

"जीव माझा, हातही माझाच. तू गप्प बस."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"एक करता येईल. गाठीपाशी औषध टोचायचं आणि ते कुठल्या ग्रंथीत पोचून चमकतं ते यंत्रावर बघायचं. आजारही त्याच वाटेने पसरतो, म्हणून तेवढीच काढून तपासायची. पण एकदा ऑपरेशन झालं की आतल्या वाटा बदलतात. काही सापडणारही नाही कदाचित."

"नाही सापडलं तर बघू. शोधल्याशिवाय मी टेबलावर झोपायची नाही."

तपासणीत उजवी काख काळीच राहिली. तंत्रज्ञाने यंत्र सरकवलं, थांबला, पुन्हा सरकवलं. ठिपका उजळला होता तो डाव्या काखेत. तिकडे कुणी हातही लावणार नव्हतं.

गाठीबरोबर तीही ग्रंथी काढली. आठवड्याने अहवाल आला. त्या ग्रंथीत कर्करोगाच्या पेशी होत्या.

नवऱ्याने कपाळ धरलं. "आपण उजवीकडचं काढून निवांत घरी गेलो असतो, आणि..."

दोन्ही हातांनी तिने खुर्चीच्या कडा घट्ट धरल्या होत्या. आवाज मात्र हलला नाही.

"लपली होती, सापडली. आता पुढचं बोला."

बाईंनी चष्मा सारखा केला आणि सवयीने नवऱ्याकडे वळून सांगायला सुरुवात केली.

त्याने त्यांना हाताने थांबवलं.

"तिला सांगा," तो म्हणाला.