न दुखणारा भाऊ

लोखंड्याला दुखत नाही, हे घरात सगळ्यात आधी कळलं ते त्याच्या बहिणीला. नुकते दात आलेले असताना तो स्वतःचीच जीभ चावून, तोंडभर रक्त घेऊन तिच्याकडे बघून खुदकन हसला होता. ती तेव्हा शाळेत जाणारी पोर. तिने किंचाळून घर डोक्यावर घेतलं, आणि खरं सांगायचं तर तेव्हापासून तिचं किंचाळणं काही थांबलेलं नाही.

जन्मतःच त्याच्या नसा दुखल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचवत नव्हत्या. स्पर्श कळायचा, गार-गरम कळायचं, दुखणं तेवढं नाही. शाळेतल्या पोरांनी त्याला लोखंड्या म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव चिकटलं. आई गेली आणि त्याला सांभाळण्याचं काम ताईच्या गळ्यात आलं. ती कपडे शिवण्याचं दुकान चालवायची, तो लिफ्ट दुरुस्त करायचा. जगात एवढी कामं असताना याने नेमकं दारं आणि साखळ्यांमध्ये हात घालण्याचंच काम का धरावं, हे तिला आजवर उमगलं नव्हतं. एकदा तर तो मोडक्या घोट्यावर जिना चढून आला, आणि तक्रार काय, तर बूट जरा घट्ट होतोय!

तर अशा या माणसाला प्रयोगशाळेतून बोलावणं आलं. मेंदूला दुखणं कसं कळतं, यावर तिथल्या एक बाई संशोधन करत होत्या. चष्मा केसांत खोचलेल्या, बोलायला गोड.

"तुमच्यासारखी माणसं फार थोडी असतात हो," त्या लोखंड्याला म्हणाल्या. "आमच्यासाठी तुम्ही खजिना आहात."

लोखंड्या फुलून गेला. ताईच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"मग न्या की घरी. आठवडाभर सांभाळा खजिना, म्हणजे कळेल."

बाई हसल्या. मेंदूची चित्रं काढणारं मशीन चालवणाऱ्या तंत्रज्ञाला मात्र हसायला वेळ नव्हता. आत मोठं चुंबक असतं, म्हणून तो आधी खात्री करून घेत होता.

"अंगात कुठे धातू वगैरे?"

"छे," लोखंड्या म्हणाला.

"घोट्यात स्क्रू आहे," ताई म्हणाली.

"हां, तो एक."

"आणि मनगटातली पट्टी?"

"ती काढली ना?"

"दुसऱ्या हातातली काढली! स्वतःच्या अंगात काय आहे तेही मीच लक्षात ठेवायचं का?"

तंत्रज्ञाने रुग्णालयात फोन लावून स्क्रू आणि पट्टी कुठल्या धातूची आहे ते विचारून घेतलं. दोन्ही मशीनमध्ये चालणारी निघाली, तोवर ताईची अर्धी सकाळ गेली होती. दुकानाला कुलूप होतं आणि गिऱ्हाइकांचे फोनवर फोन येत होते.

मग बाईंनी प्रयोग समजावून सांगितला. दुसऱ्याला दुखताना पाहिलं, की आपल्या मेंदूतले काही भाग असे जागे होतात, जणू आपल्यालाच दुखतंय. पण ज्याला जन्मात कधी दुखलंच नाही, त्याच्या मेंदूत काय होतं?

"काही होत नाही," ताई म्हणाली. "त्याच्यासाठी मशीन कशाला? मला विचारा. माझ्या बाळंतपणात कळा सुरू झाल्या, तेव्हा हा घरातून पळाला. रात्री उगवला, तोही गुपचूप. ज्याला दुखणं माहीत नाही, त्याला दुसऱ्याचं काय कळणार?"

लोखंड्या बुटांच्या नाड्या सोडत राहिला.

त्याला मशीनमध्ये झोपवलं. डोळ्यांसमोरच्या आरशात त्याला पडदा दिसणार होता, आणि पडद्यावर शेजारच्या खोलीत बसलेली ताई. तिच्या हाताला नाण्याएवढी चकती लावली होती. ती क्षणभर तापणार, चटका बसणार, पण फोड येणार नाही. ताईने ठरवलं होतं, तोंडातून आवाज काढायचा नाही. रोज इस्त्रीशी गाठ असणाऱ्या बाईला चटक्याचं काय कौतुक?

पहिला चटका तिने गिळला. दुसराही. तिसऱ्या वेळी चकती नेमकी नाजूक जागी सरकवली होती, आणि तिला काही कळायच्या आत तोंडातून निघून गेलं, "आई गं!"

शेजारच्या खोलीत मशीनची धडधड एकदम थांबली. तंत्रज्ञ ओरडला, "अहो, थांबा! हलू नका!" काहीतरी जोरात आपटलं. दार उघडून लोखंड्या आत आला, पायात नुसते मोजे आणि भुवईवरून रक्ताचा ओघळ. बाहेर येण्याच्या घाईत मशीनच्या कडेवर डोकं आपटलेलं त्याच्या गावीही नव्हतं. त्याने ताईच्या हातावरची चकती उपसून काढली आणि तो हातावर फुंकर घालू लागला.

"सांगितलं कोणी तुला हे सोसायला? माझ्यासाठी? काही गरज नाही!"

"अरे, एवढंसं होतं ते."

"एवढंसं? ओरडलीस तू!"

"माणूस ओरडतोच!"

"मला काय माहीत एवढंसं की केवढं!" त्याचा आवाज चिरकला. "मला कसं कळणार, ताई? मी फक्त तोंडं बघतो. तुझं तोंड असं वाकडं झालं की मला वाटतं, आता संपलं. त्या दिवशीही तेच वाटलं. तू आत ओरडत होतीस, मला वाटलं तू मरतेयस, आणि बायका बाहेर बसून हसत होत्या. मला बघवेना. पळालो."

इतकी वर्षं ताईने तो पळाल्याचा राग जपून ठेवला होता, चांगला धार लावून, आणि आता तो कुठे ठेवावा तेच तिला कळेना. शेवटी तिला जे जमत होतं तेच ती करू लागली.

"रक्त येतंय तुला, मूर्खा! डोळ्यात जातंय, तरी कळत नाही? बस खाली. बस म्हणते ना!"

तिथल्या परिचारिकेने टाके घातले. भूल द्यायचा प्रश्नच नव्हता. टाके पडत असताना लोखंड्या बाईंना म्हणत होता, की पुन्हा ताईला चटका देणार असाल तर मी येणार नाही. बाई हताश होऊन बिघडलेल्या स्कॅनकडे बघत होत्या. पंधरवड्याची तयारी पाण्यात गेली होती.

"तो येईल," ताई म्हणाली.

"नाही येणार."

"येशील! माझं दुकान बंद ठेवून आलेय मी!"

बसथांब्यापर्यंत दोघं भांडत गेली. अखेर तोडगा निघाला. परक्या माणसाचं आधी घेतलेलं चित्रीकरण दाखवायचं. पण लोखंड्याची अट अशी, की तो माणूस आता बरा आहे हे आधी समक्ष बघणार. चित्रीकरणातला तो बिचारा विद्यार्थी येऊन बाही वर करून हात दाखवून गेला, तेव्हा कुठे लोखंड्या आत झोपला. इतरांचे जे भाग जागे होतात, ते त्याचेही झाले, तेही चांगलेच ठळक. एका माणसावरून काही ठरवता येत नाही, असं बाई म्हणाल्या खऱ्या, पण त्यांचा चेहरा खुलला होता.

ताईने मात्र एक चूक केली. 'एवढंसं' म्हणजे किती ते कळावं, म्हणून तिने त्याला दुखणं दहापैकी मोजायला शिकवलं. मुंगी चावली तर एक, इस्त्रीचा चटका चार, बाळंतपण दहा. आता तिला शिंक आली तरी तो आकडा विचारतो.

परवा ती एका गिऱ्हाइकाच्या कमरेचं माप घेत होती, तेवढ्यात फोन वाजला.

"दाढ कशी आहे?"

"तीन."

"सकाळी दोन होती ना?"

"मग आता तीन! कामात आहे मी."

"येऊ का?"

"येऊ नकोस! तू लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना काढायला गेलायस ना?"

"आहेत अजून आतच. पण नुसती घाबरलीत गं, दुखत कोणालाच नाहीये. मी विचारलं सगळ्यांना."

ताईने फोन ठेवला. माप विसरलं होतं. तिने टेप पुन्हा गिऱ्हाइकाच्या कमरेभोवती गुंडाळली आणि विनाकारण त्याच्यावरच खेकसली, "सरळ उभे राहा!"