कावळ्यांना सुट्टी

"कावळ्याला घातल्याशिवाय आपण तोंडात घास घालायचा नाही," असं सासूबाई जाताना सांगून गेल्या. त्याला एकोणीस वर्षं झाली. रोज साडेसातला मी जयनगरच्या आमच्या गच्चीवर दहीभात ठेवते. कावळे येतात, त्यांच्यामागून घारी. मग माझा चहा.

माझा मुलगा हर्ष शत्रूचं ड्रोन ओळखणारं यंत्र बनवतो. कंपनी एचएसआर लेआउटमध्ये, पण तिथला घरमालक गच्ची देईना, म्हणून यंत्र आमच्या डोक्यावर.

"पूर्वी संरक्षणाचा आराखडा म्हणजे रणगाडे आणि सरहद्द," हर्ष सांगतो. "आता धोका मोबाइलच्या किमतीत उडत येतो, आई. सगळा आराखडाच बदलायला लागलाय."

यंत्र हुशार आहे. फक्त माझ्या कावळ्यांना ते शत्रूची तुकडी समजतं.

"उद्या कर्नल श्रीहरी बघायला येणार. त्यांना पसंत पडलं नाही तर कंपनीला कुलूप. एक दिवस कावळ्यांना सुट्टी दे ना. स्वल्प ॲडजस्ट कर."

"सरी," मीही इथल्या कानडीत 'बरं' म्हटलं. "म्हणजे मलाही उपास."

"तू पण ना, आई!"

दुसऱ्या दिवशी देशाचं आकाश राखणारा माझा मुलगा सहा वाजल्यापासून काठी घेऊन कावळे हाकत होता.

दहाला कर्नल आले. हर्षनं ड्रोन सोडलं, यंत्र लगेच ओरडलं. मी जिन्यात उभी राहून देवाचं नाव घेत होते.

"छान," कर्नल म्हणाले. "पक्षी कुठे गेले?"

"आज... नाहीत, सर."

"शत्रू येण्याआधी पक्षी हाकलून देणार आहे का? घारीत आणि ड्रोनमध्ये फरक कळतो याला?"

हर्षनं नाही म्हणून मान हलवली.

"मग शिकवा. रोज ठरल्या वेळी पक्षी जमतात अशी जागा बघा. तीन महिन्यांनी परत येतो, तेव्हा शेवटचं काय ते सांगतो."

"अशी जागा कुठे मिळणार, सर?"

कर्नलनी कठड्याकडे बोट दाखवलं. एकोणीस वर्षांची शीट धुऊन निघत नाही.

त्यांना गाडीपर्यंत सोडून हर्ष स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. "आई, उद्यापासून जरा जास्त भात..."

"उद्यापासून कशाला? माझा आजचा चहा राहिलाय."

अकरा वाजले होते. कावळे आता येतील की नाही, कोण जाणे. मी दहीभात कालवला, ताटली पदराखाली धरली आणि जिना चढायला लागले.