बुधाच्या दांडीवर दोन दिवस

मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून ठेवतो, माझ्यासमोर बुधाचे कौतुक करू नका. मी एक जुना लाकडी मणी आहे. एका शाळेच्या प्रयोगशाळेत राहतो आणि माझे वय पन्नाशीच्या पुढे गेले आहे. एवढ्या वयात दुसऱ्याचा हेवा करणे शोभत नाही, हे मला कळते. पण कळले म्हणून तो वाटायचा थांबत नाही.

लाकूड कातून खेळणी करणाऱ्या एका सुताराने मला घडवले. शाळेने त्याच्याकडे सूर्यमालेचा नमुना मागितला होता. एक लांब टेबल, त्याच्या एका टोकाला सूर्य म्हणून विजेचा दिवा आणि पुढे नऊ दांड्यांवर नऊ ग्रह. गुरू, शनी वगैरे चार धिप्पाड मंडळी मापात केली असती तर टेबलावर मावली नसती, म्हणून त्यांना सूट मिळाली. आम्हा पाच लहानांना मात्र माप ठरलेले होते, हजार किलोमीटरला पाच मिलिमीटर. त्या काळच्या पुस्तकात प्लूटो बुधापेक्षा मोठा दिलेला होता. म्हणून सुताराने मला जवळजवळ तीन सेंटिमीटरचा केला. मी टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला उभा होतो आणि माझ्यापर्यंत उजेड नीट पोहोचत नव्हता. पण तो दिव्याजवळचा ठेंगू माझ्याहून लहान आहे, एवढ्यावर मी खूश होतो.

मग प्रयोगशाळेत मामा आले. ते परीक्षानळ्या धुवायचे, कपाटांच्या किल्ल्या सांभाळायचे आणि सगळी शाळा त्यांना मामाच म्हणायची. त्यांचा एक नियम होता. पुस्तक बदलले की नमुनाही बदलायचा. दोन-तीन वर्षांत नवे पुस्तक आले आणि त्यात प्लूटो चंद्राहूनही लहान निघाला. मामांनी मला दांडीवरून उतरवले आणि खिडकीत बसून पॉलिश पेपरने घासायला घेतले. तीनाचे दीड झाले. पुढे आणखी एक पुस्तक आले, तेव्हा दीडाचे बारा मिलिमीटर झाले. थोडे घासून झाले की ते मला व्हर्निअर कॅलिपरच्या चिमट्यात धरायचे, डोळे बारीक करून माप वाचायचे आणि म्हणायचे, "अजून केसभर." बुध आपला जागच्या जागी. त्याला कधी कुणी ओरखडासुद्धा काढला नाही.

आणि त्याचे लाड तरी किती. दिवा लागला की पहिला उजेड त्याच्या अंगावर पडायचा. मुले ग्रह मोजायला लागली की पहिले बोट त्याच्यावर. माझी पाळी येईपर्यंत बहुतेक वेळा तास संपल्याची घंटा व्हायची. मला एकच मान होता. सर्वांत लहान ग्रह कोणता, असे परीक्षेत विचारले की उत्तर मी असायचो. एकाच गुणाचा प्रश्न, पण माझा.

एक दिवस तोही गेला. विज्ञानाच्या बाईंनी वर्गाला सांगितले, "आता ग्रह म्हणवून घ्यायला तीन अटी आहेत. सूर्याभोवती फिरायला हवं, स्वतःच्या गुरुत्वाने गोल व्हायला हवं आणि आपल्या कक्षेचा परिसर मोकळा करायला हवा. प्लूटो तिसऱ्या अटीत नापास झाला. त्याला आता बटुग्रह म्हणायचं."

मामांनी त्याच दुपारी माझ्या दांडीचा पितळी बुडखा टेबलातून उपसला आणि मला दांडीवरून काढून टेबलाच्या खणात टाकले. मी उभा होतो तिथे अंगठा सहज जाईल एवढे भोक राहिले. त्या भोकातून मला वरचे सगळे ऐकू यायचे. पुढच्याच आठवड्यात बाईंनी विचारले, "सर्वांत लहान ग्रह कोणता?" आणि अख्खा वर्ग म्हणाला, "बुध."

मित्रांनो, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पहिले बोटही त्याचे आणि शेवटचा गुणही त्याचाच. त्याला एकसुद्धा चंद्र नाही. आकाशातल्या आमच्या थोरल्यांना, म्हणजे खऱ्या प्लूटोला, पाच आहेत. गुरूचा एक चंद्र आणि शनीचा एक चंद्र तर त्याच्याहून मोठे आहेत. पण खणातल्या मण्याचे ऐकतो कोण?

अशी दहा वर्षे गेली आणि मामांच्या निवृत्तीचा महिना आला. प्रयोगशाळेतली प्रत्येक वस्तू यादीशी ताडून बाईंच्या ताब्यात द्यायची होती. यादीत असेल ते कपाटात आणि नसेल ते दारामागच्या पोत्यात. पोते शनिवारी भंगारात जाणार होते. यादीत लिहिले होते, 'सूर्यमालेचा नमुना, ग्रह आठ'. म्हणजे माझे काय होणार, हे सांगायला नको.

नेमके तेव्हाच कुठल्याशा वर्गाचा टेबलाला धक्का लागला. दिव्याच्या उष्णतेने बुधाचे लाकूड सैल झाले होते. तो दांडीवरून निसटला, घरंगळत माझ्या टोकाला आला आणि माझ्याच भोकातून खाली खणात पडला. माझ्यावर आपटून तो मागे गेला आणि जुन्या टीपकागदांच्या गठ्ठ्याआड अडकला. मामांनी फरशी झाडली, कपाटे सरकवली, स्टुलाखाली वाकून पाहिले. मला बोलता येत नाही. पण खरे सांगतो, येत असते तरी मी तोंड उघडले नसते.

गुरुवारी मामांनी खण अर्धाच उघडला. समोर मी होतो. मला तळहातावर घेऊन ते म्हणाले, "आठ भरायला हवेत रे. तू तरी उभा राहा." त्यांनी माझ्यावर शिसपेन्सिल घासून मला करडे केले आणि दिव्याजवळच्या दांडीवर बसवले.

दोन दिवस मी बुध होतो. दिवा लागला की अंगावर लख्ख उजेड, मुलांचे पहिले बोट माझ्यावर. आयुष्यभर जे हवे होते ते मिळाले होते. पण मुले बोट ठेवून म्हणायची, "बुध." इतक्या उजेडातही कौतुक त्याचेच चालले होते. शिवाय तिथे फार उकडते. हे मला कुणी कधी सांगितले नव्हते.

शनिवारी सकाळी बाई यादी तपासायला आल्या. त्यांच्याबरोबर नववीतली एक मुलगी होती. नुकतीच व्हर्निअर कॅलिपर शिकल्यामुळे ती दिसेल ती वस्तू मोजत सुटली होती. मैत्रिणी तिला इंचपट्टी म्हणायच्या. बाई कपाटात डोकावत होत्या, तोवर इंचपट्टीने टेबलावरचे सगळे लहान ग्रह मोजून वहीत लिहिले.

"बाई, हा बुध बाराच मिलिमीटर भरतोय. साडेचोवीस हवा."

"नीट धर. परत मोज."

"तीनदा मोजला. बारा म्हणजे दोन हजार चारशे किलोमीटर. एवढा ग्रहच नाही ना?"

मामांच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा थांबला. "प्लूटो आहे तो," ते हळूच म्हणाले. "बुध सापडेना, म्हणून मीच उभा केला. जाता जाता एक वस्तू कमी भरली, असं व्हायला नको होतं."

इंचपट्टीने टेबलावरचे भोक पाहिले आणि खाली वाकून पूर्ण खण बाहेर ओढला. टीपकागदांमागून बुध निघाला. तो प्रथमच मला समोरून दिसला. दिव्याकडची त्याची बाजू काळी पडली होती आणि रंगाचे पोपडे निघाले होते.

"चला, आठ झाले," बाई म्हणाल्या. "तो मणी पोत्यात टाका मामा. यादीत नाही तो."

मामांनी मला दांडीवरून काढले. पोत्याचे तोंड उघडेच होते.

"बाई, थांबा ना," इंचपट्टी वही उघडत म्हणाली. "पृथ्वी दोन मिलिमीटर जास्त आहे. मंगळ तीन कमी. शुक्र जास्त. हा बुधसुद्धा कमीच भरेल बघा. जेवढा हवा तेवढा फक्त हाच आहे."

"बाकीचे सुताराने नजरेने केलेत," मामा म्हणाले. "याला मी दोनदा घासलाय. मोजून मोजून."

बाईंनी वही पाहिली, मग मामांच्या तळहातावरच्या माझ्याकडे पाहिले. पेन काढून त्यांनी यादीत 'ग्रह आठ'च्या पुढे लिहिले, 'बटुग्रह एक'.

"कक्षेचा परिसर मोकळा केला नाही तरी चालेल?" इंचपट्टीने विचारले.

"ग्रह म्हणून नाही चालणार," बाई म्हणाल्या. "पण आहे तो आहेच ना. तूच मोजलास."

मामांनी माझ्या अंगावरचे शिसे पुसले, दांडीचा पितळी बुडखा परत ठोकून भोक बुजवले आणि मला टेबलाच्या टोकाला उभे केले. बुधाला त्यांनी जाण्याआधी नवा रंग दिला. मला दिला नाही. रंगाचा थर चढला तर माप चुकेल, म्हणाले. ते बरोबरच होते. तरी बुधाची ती चकाकी माझ्या डोळ्यांत सलते.

मित्रांनो, नवे पुस्तक आले की मला पुन्हा मोजा. जास्त भरलो तर खुशाल घासा, माझ्या कुरकुरीकडे लक्ष देऊ नका. पण मोजल्याशिवाय कुणालाही पोत्यात टाकू नका. आणि प्रयोगशाळेत आलात की एकदा टेबलाच्या या टोकापर्यंत या. बहुतेक जण बुधापाशीच थांबतात.