उभं राहण्यापुरतं

चौथी खीळ बसत नव्हती. वडिलांच्या वेल्डर मित्राने जीपच्या मागच्या कोपऱ्यात शिरून छताला खांदा लावला, दम धरून ते बोटभर वर रेटलं आणि म्हणाला, "आता."

तिने खीळ भोकात सरकवली. छत चारही कोपऱ्यांवर स्थिर झालं. वडिलांनी जीपच्या पाठीवर बांधलेल्या त्या खोलीची सगळी युक्ती एवढीच होती: पाइपात पाइप, आतला वर ओढायचा, भोकासमोर भोक आलं की खीळ घालायची. बंद असताना नुसतं प्लायवूडचं चपटं खोकं. उघडलं की चहूकडून कॅनव्हासच्या भिंती, आत एक फळी झोपायला आणि शेगडीपुरता कट्टा. एकतीस वर्षं बस डेपोत फिटर म्हणून काढून निवृत्त झाल्यावर त्यांनी दोन वर्षं हेच केलं होतं.

"वा रे फिटर," वेल्डर छताकडे बघत म्हणाला. "जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या रस्त्याला लावल्या आणि स्वतःची अंगणात सोडून गेला."

दोघांनी गुंडाळलेला कॅनव्हास सोडला. छताच्या कडेपासून तो सरळ खाली आला, पण खालच्या पट्टीवरच्या टिचबटणांपर्यंत पोचलाच नाही. चारही बाजूंना सारखीच फट राहिली. फटीतून अंगणाची भिंत दिसत होती आणि तिच्यावर वाळत घातलेलं पायपुसणं. तिने टेप लावली. पाच इंच.

"आईला विचारून येते," ती म्हणाली.

आई स्वयंपाकघरात जमिनीवर बसून शेंगा सोलत होती. पलीकडच्या खोलीत तिचं शिवणयंत्र होतं, त्यावर चादर. वडील जाऊन सात आठवडे झाले होते आणि चादर निघाली नव्हती. गिऱ्हाइकांचे कपडे तिने न शिवताच परत केले होते.

"पाच इंच कमी आहे ना?" आईनेच विचारलं.

"तुला माहीत होतं?"

"माझ्या हातचं आहे. मला नाही तर कोणाला माहीत असणार?"

मुलीने जवळ बसून परातीतली एक शेंग उचलली. आईने ती तिच्या हातातून काढून घेतली.

"ह्यांनी चिठ्ठीवर माप लिहून दिलं. दोनदा बघून कापलं मी. शिवून दिलं, ह्यांनी लावलं, आणि अंगणातून हाक मारली. गेले तर म्हणतात, 'माया ठेवली नव्हतीस का गं?'"

माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड, पुढे कधी उसवून वाढवायला. या घरात हा शब्द कापडासाठीच वापरत. तिच्या लहानपणी प्रत्येक फ्रॉकला आई चांगली तीन बोटं माया ठेवायची, कारण उन्हाळ्यात शिवलेल्या फ्रॉकमधून मुलगी हिवाळ्यात बाहेर यायची.

"ठेवली होती?"

"दीड इंच. नेहमीसारखी. दीड इंचाने पाच इंच कसे भरून निघणार?" आईचा हात थांबला. "तीस वर्षं लोकांचं शिवतेय, माया न ठेवता एक बाही कापली नाही. आणि मला विचारतात. मला राग आला. मी उत्तरच दिलं नाही. तीन दिवस ताट वाढलं, पाणी ठेवलं, पण बोलले नाही. चौथ्या दिवशी सकाळी…"

चौथ्या दिवशी सकाळी काय झालं ते मुलीने फोनवर ऐकलं होतं.

"तेवढं एकच विचारून गेले ते मला," आई म्हणाली. "माया ठेवली नव्हतीस का."

"आई, ते कापडाचं विचारत होते."

"कळतं मला. शिवते मी." तिने परात बाजूला सरकवली. "चिठ्ठी शोधली, सापडत नाही. मीच चुकीचं वाचलं असेल. चष्म्याचा नंबर वाढलाच होता. उद्या भंगारवाला येतोय. अंगणातून ते धूड जाऊ दे एकदा."

ती परत आली तेव्हा वेल्डर बोनेटला टेकून पाणी पीत होता. तिने त्याला सगळं सांगितलं. बाटलीचं झाकण लावता लावता त्याचा हात थबकला.

"वहिनींची चूक? कोण म्हणतं?"

तो जीपमध्ये चढला, खिशातून पॉलिश पेपरचा तुकडा काढून कोपऱ्यातल्या आतल्या पाइपवर घासू लागला. करडा रंग निघाला. खाली वाटाण्याएवढा गोल डाग होता, वेल्डिंगचा.

"इथे पहिलं भोक होतं. मी बुजवलं. चारही पाइपांचं. नवीन भोक पाच इंच खाली पाडलं. भोक खाली गेलं की छत तेवढं वर चढतं."

"कधी?"

"तो गेला त्याच्या आठवडाभर आधी. वहिनींना सांगितलं असेल असं मी धरून चाललो. नसणार सांगितलं. कामात शिरला की अर्धं स्वतःशीच बोलायचा, आणि सगळ्यांनी ऐकलंय म्हणून पुढे जायचा. मलासुद्धा दोनदा विचारलंय, 'काल म्हटलं ते आणलंस का?' काल हा भेटलेलाच नाही!"

"पण वाढवलं कशाला? बाबांच्या डोक्यावर आधीच चार बोटं जागा होती. आई तर त्यांच्या खांद्याला."

वेल्डरने तिच्याकडे पाहिलं. ती बाहेर उभी होती आणि तिची नजर जीपमध्ये गुडघ्यावर बसलेल्या त्याच्या नजरेच्या जवळपास येत होती.

"पोरीला उभं राहता यायचं नाही म्हणाला."

तिने फळीची कड धरली. त्याच्या आदल्या रविवारचा फोन. वडील नेहमीप्रमाणे जीपबद्दल बोलत होते, पुढच्या सुट्टीत तू ये, आपण निघू. तिला सुट्टी दुसरीकडे घालवायची होती. ती हसून म्हणाली होती, "तुमच्या त्या डब्यात मला उभंसुद्धा राहता येणार नाही, बाबा." तेवढ्यावर विषय संपला असं तिला वाटलं होतं. तिने नकार दिला होता, वडिलांनी माप ऐकलं होतं.

"मग जुनं भोक बुजवलं कशाला?"

"तेच विचारलं मी. म्हणाला, राहू दिलं तर कोणीतरी सोय बघून खालीच खीळ घालेल, आणि ही पोर वाकून राहील पण बोलणार नाही." तो खाली उतरला. "सोपं आहे गं. ड्रिल गाडीत आहे. पुन्हा पाडतो, पंधरा मिनिटं. कापड बरोब्बर बसेल. वहिनींना बोलाव, म्हणावं फिटरचं गणित चुकलं होतं. ते झालं की मग भंगारवाल्याला दे नाहीतर ठेव."

तिने तो डाग अंगठ्याखाली धरला. घासल्याने तो अजून गरम होता.

वेल्डरने ड्रिल आणलं, वायर सोडवली, प्लग कुठे आहे म्हणून इकडेतिकडे पाहिलं.

"काका, थांबा," ती म्हणाली.

आई तिथेच बसली होती. शेंगा संपल्या होत्या, ती सालं गोळा करत होती. मुलीने दारातूनच सांगून टाकलं: माप बरोबर होतं, कापड बरोबर होतं, छत नंतर वर गेलं. का गेलं, तेही. "मला यायचं नव्हतं, आई. काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं."

आईने सालं वर्तमानपत्रात गुंडाळली. पुडी डब्यात टाकली. हात धुतले, पुसले. मग पलीकडच्या खोलीत गेली आणि गळ्यात टेप घालून आली.

अंगणात वेल्डरने तिला चढायला हात दिला.

"वर ये," आई आतून म्हणाली.

ती आत चढून उभी राहिली.

"ताठ."

"ताठच आहे."

"तुझं ताठ मला ठाऊक आहे. खांदे मागे घे."

आई फळीवर चढली. तिने उजवा तळवा मुलीच्या डोक्यावर आडवा ठेवला. हाताची पालथी बाजू छताला लागली. बराच वेळ तिने हात काढला नाही. मग खाली उतरून, गुडघ्यावर बसून तिने फटीला टेप लावली, चारही बाजूंना, प्रत्येक बाजूला पुन्हा एकदा.

"वरून पट्टी जोडावी लागेल. जोड दिसेल पण."

"दिसू दे, वहिनी," वेल्डर बाहेरून म्हणाला. "एवढं कोण बघणार आहे?"

"मी बघणार आहे, भाऊजी." ती उठता उठता थांबली. फळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिने टेप सोडली, आकडा वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला. "ही फळी कोणाच्या मापाची आहे?"

मुलगी फळीकडे बघू लागली.

"पाच फूट चार. ह्यांच्या आणि माझ्या. उभी राहशील, पण झोपणार कशी?" तिचा आवाज चिरकला. हसू होतं की आणखी काही, ते बाहेर उभ्या माणसाला कळलं नसतं. "उभं राहायचं म्हणालीस. तेवढंच केलं त्यांनी."

"पाय दुमडून झोपेन."

"काही नको दुमडायला," आई म्हणाली आणि कॅनव्हासच्या वरच्या कडेची बटणं एकेक करून सोडवू लागली. "फळीचं तुम्ही दोघं बघा."