न पाहिलेली बरोबरी

अण्णा गेले तरी त्यांचा एक डाव चालू होता. मोबाइलवरचा बुद्धिबळाचा संथ डाव, एका चालीला तीन दिवसांची मुभा. समोर मनमाडचे वाल्मीककाका, अण्णांबरोबर रेल्वेत गार्ड होते ते. दहाव्याला आले, घाटावर अण्णांच्या मुलीच्या, चैतालीच्या शेजारी उभे राहिले, डावाविषयी अवाक्षर काढलं नाही. पण त्यांची पुढची चाल अण्णा गेल्यावर तिसऱ्याच दिवशी आली होती.

चैतालीला सोंगट्या कशा चालतात एवढंच ठाऊक. उत्तर न देता वेळ संपली असती तर अण्णा हरले असते, म्हणून तिने त्यांच्या फोनवरून चाल केली. मग तीच सवय लागली. शाळेत शिकवून नाशिकरोडच्या घरी आली की आधी तो फोन. अण्णांची कुणीतरी अजून वाट बघतं आहे, असं वाटायचं.

एका रविवारी तिने घोडा पुढे टाकला आणि काकांचा फोन आला.

"काय गं, बरोबरी नको का तुला?"

"कसली बरोबरी?"

"डाव बरोबरीत सोडायचा का, असं मी विचारलं होतं की. खाली बारीक अक्षरात येतं. तू चाल केलीस, म्हणजे नाही म्हणालीस."

"मी पाहिलंच नाही, काका. परत पाठवा ना."

काका खाकरले. "तसं नाय करत आम्ही. एकदा समोरून नकार आला की त्या डावात परत विचारायचं नाही. विचारायचा हक्क आता तुझा. या ॲपवाल्यांना काय, चाल केली की झाला नकार. आमच्याकडे तोंडावर नाही म्हणावं लागायचं. तुझा बाप तर माझा चहा संपवूनच म्हणायचा."

ती हसली. "मग मी विचारते."

"विचार. लगेच हो म्हणतो. प्यादी आधीच घालवलीस, आता घोडाही फुकट दिलायस."

तिने पाहिलं. खरंच होतं. जिंकत असताना काकांनी बरोबरी देऊ केली होती, अण्णांचा डाव हरलेला दिसू नये म्हणून. आणि अण्णांनी तिला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, दिली तर घ्यावी, पण आपला डाव वाईट असताना मागू नये.

"काका, अण्णांनी इथे मागितली असती?"

"नसती. पण ते वेगळं."

"मग मारा घोडा."

"अगं, मारला की संपलंच सगळं. मग काय करशील?"

"तुम्ही काय कराल?"

"मी बघतो काहीतरी," काका म्हणाले आणि फोन ठेवला.

घोडा मारायला त्यांनी पुरते तीन दिवस घेतले. तिनेही आपल्या चालींना तेवढेच घेतले. शेवटची चाल आली तेव्हा ती पेपर तपासत होती. अण्णांच्या राजाला जायला घर उरलं नव्हतं. पडद्यावर निकाल आला, खाली नवा डाव मांडायचा का, अशी विचारणा.

काकांचा फोन येईल असं तिला वाटलं. आला नाही. तिनेही केला नाही. उरलेले पेपर संपवून तिने अण्णांचा मोबाइल सवयीने चार्जिंगला लावला. आता कशासाठी, हे लक्षात आलं, तरी काढला नाही.