नटावरची रेघ

गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाकडून पहिल्यांदा 'खट्' झालं तेव्हा मी शिव्या घातल्या त्या स्पीडब्रेकरला. अड्याळहून भंडारा आणि तिथून तुमसर, असा धानाचे नमुने मिलमध्ये पोचवत आठवडाभर हिंडणाऱ्या माणसाला ब्रेकरशी भांडायची सवयच लागते. पण पुढच्या सपाट रस्त्यावर नुसतं स्टिअरिंग वळवलं तरी तोच आवाज आला, दबका, कुणी दार वाजवून पटकन बाजूला व्हावं तसा. तो सोमवार होता. माघारी येताना मी गाडी सरळ खेमराजकडे नेली.

खेमराज माझा शाळेपासूनचा मित्र. बसस्टँडमागे त्याचं गॅरेज, आणि बारा वर्षांत माझ्या गाडीला दुसऱ्या कुणाचा पाना लागलेला नव्हता. आवाज शोधायची त्याची एक पद्धत होती. गाडी गिऱ्हाइकालाच चालवायला द्यायची, आपण डावीकडे बसून डोळे मिटायचे, आणि खट् झालं की बोटं वर करायची. एक म्हणजे शॉकअप, दोन म्हणजे लिंक, तीन म्हणजे चाकाला धरून ठेवणारा खालचा आर्म. लोक लांबून त्याची ही बोटं बघायला येत. त्या दिवशी मी चार ब्रेकर ओलांडले, चारही वेळा आवाज झाला, आणि त्याचा हात मांडीवरच राहिला.

"आवाज नाही बे," तो म्हणाला.

"अबे, एवढा ठणठणून राहिला अन् तुले ऐकू नाही येत?"

"तुया कानात असन."

तरी त्यानं जॅक लावला, गाडीखाली गेला, पाच मिनिटांनी हात पुसत बाहेर आला आणि म्हणाला, "जाय आता." आवाज बंद! मी खूश होऊन घरी आलो, जेवलो, आणि हात धुताना मनात आलं की याला आवाज ऐकूच आला नव्हता, तर यानं दुरुस्त केलं काय?

पुढच्या सोमवारी आवाज परत आला. त्याच्या पुढच्या सोमवारीही. असे सहा सोमवार गेले. दर वेळी खेमराज डोळे मिटून बसायचा, काही नाही म्हणायचा आणि खाली जाऊन यायचा. याच दिवसांत रिंकूनं, माझ्या बायकोनं, गाडीत बसणं सोडलं. माहेरी जायचं तर एसटीनं. विचारलं तर म्हणे, "गाडी लागते मले." लग्नाच्या पाच वर्षांत तिला कधी गाडी लागलेली मी पाहिली नव्हती.

सातव्या सोमवारी मात्र माझं डोकं फिरलं, आणि मी भंडाऱ्यातच तेजराम मिस्त्रींकडे गाडी उभी केली. वय झालेला, कमी बोलणारा माणूस. त्यांनी गाडी उचलली, खाली गेले आणि मलाही खाली बोलावलं. बॅटरीच्या उजेडात खालच्या आर्मचा नट दिसत होता.

"नट घट्ट कसला का आमी त्याच्यावरून रेघ मारतो, खाली आर्मापर्यंत. नट हलला का रेघ तुटते," ते म्हणाले. "हे पाहा, सहा रेघा आहेत. सहाच्या सहाही तुटल्या. कोनीतरी ढिला करते, अन् कोनीतरी कसून नवी रेघ मारते. हा निघाला ना भाऊ, तर चालत्या गाडीत चाक आडवं होते."

मिस्त्री लोकांची रेघ पांढऱ्या रंगाची असते. ही नेलपॉलिशची होती, डाळिंबी, चकचकीत. त्या रंगाची नखं रोज सकाळी मला चहाचा कप देतात.

नट कसून घेतला आणि परतलो. सगळा रस्ता मी तिसऱ्या गिअरच्या वर गेलो नाही. बायको आणि मित्र! इतकी घाणेरडी, इतकी जुनी गोष्ट माझ्या वाट्याला यावी याची मला आधी लाज वाटली, मग रडूच आलं. घरी पोचलो तर ओसरीवर दोघंही चहा पीत बसलेले, आणि मधे ती डाळिंबी शिशी.

"कवापासून?" मी विचारलं.

ते एकमेकांकडे बघायला लागले. ते बघणंच मला सगळ्यात जास्त लागलं.

"तू समजतं तसं नाही," खेमराज म्हणाला. "नट मी कसतो. ढिला तूच करतं."

"रविवारी दुपारी जेवून झोपता ना तुमी," रिंकू म्हणाली, "मंग उठता, पाना घेता अन् गाडीखाली जाता. मी हाका मारते, तुमी पाहतही नाही. रात्री कोनी नट कसाले गेलं का उठून आडवे येता. भाऊजी म्हनाले, इतक्यात सांगू नका. म्हनून शिशी देली त्यायले, नट हलला का समजावं तरी."

"वा रे वा!" मी ओरडलो. "माया जीव घ्याले निघाले तुमी, अन् वेडा मी?"

रिंकूनं फोन माझ्या हातात दिला. कालचा, रविवारचा व्हिडिओ. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून घेतलेला. अंगणात ऊन, उभी गाडी, आणि गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय. माझी हिरव्या चौकड्यांची लुंगी, उजव्या पोटरीवर सायलेन्सरनं भाजल्याचा माझाच डाग. पाना फिरत असल्याचा बारीक आवाज. पाय माझे होते, नाही म्हणायला जागाच नव्हती. हे दोघं दीड महिना मला सांभाळत होते आणि मी काय काय मनात आणलं! माफी मागायला मी तोंड उघडलं.

तेवढ्यात व्हिडिओत रिंकूचा दबका आवाज आला, "यायले सांगाचं काय?"

फोनच्या अगदी जवळून, तिच्या खांद्याशी उभं राहिल्यासारखा, एक पुरुष म्हणाला, "नको सांगू. भिऊन जाईन तो."

मी खेमराजकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. आवाज त्याचा नव्हता. माझा होता.