तयार उत्तरांचा फोन आणि मी

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे आणि स्वभावाने फार जळका आहे. दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

कारखान्यातून मी निघालो तेव्हा माझ्या भावंडांपैकी कुणी बँकेत गेलं, कुणी वर्तमानपत्राच्या कचेरीत. माझ्या वाट्याला आलं कपडे दुरुस्तीचं दुकान. माझी मालकीण उसवलेल्या शिवणी आणि झिजलेल्या कॉलरी नीट करते. घरी हे काम कसं करावं, यावर तिचा एक ब्लॉग आहे. वाचक तिला मावशी म्हणतात, म्हणून मीही मावशीच म्हणतो. कापडं बेतायच्या टेबलावर, कात्री आणि खडूच्या शेजारी मला जागा मिळाली. तेव्हा मला शिवणयंत्राचा हेवा वाटायचा. त्याला मावशीचे दोन्ही हात मिळायचे, वर पायही मिळायचे. मला मात्र फक्त दोन बोटं!

पण पोस्टखाली कॉमेंट येऊ लागल्या की माझे दिवस यायचे. मावशी प्रत्येक कॉमेंट आधी मोठ्याने वाचायची आणि मगच माझ्याकडे वळायची. जे विचारलंय त्याचं उत्तर पहिलं. कुणी चूक दाखवली तर आधी आभार, मग दुरुस्ती. कुणी खवचट लिहिलं तर ती हात मांडीवर ठेवून बसायची आणि राग ओसरल्यावरच लिहायची. सुनेला ती सांगायची, "अगं, दारात आलेल्या माणसाला निदान बसा तरी म्हणावं."

सगळ्यांत आधी यायचे ते 'काजबटण' नावाने लिहिणारे एक निवृत्त बसचालक. बायको अंथरुणाला खिळल्यावर ते मावशीच्या ब्लॉगवरून बटण लावायला शिकले. पहिलं बटण त्यांनी सदऱ्याबरोबर स्वतःच्या पँटलाही शिवून टाकलं आणि तेही प्रांजळपणे कळवलं. मावशी हसून हसून लिहीत होती आणि माझ्या कळा नाचत होत्या.

मग सुनेने नवा फोन आणला. "आई, कशाला टकटक करत बसता? कॉमेंटखाली तयार उत्तरं येतात बघा. बोट लावलं की काम झालं."

तो गुळगुळीत फोन दिवसभर मावशीच्या हातात, नाहीतर कमरेच्या खिशात. माझी रवानगी झाली फळीवर, अस्तराच्या तुकड्यांखाली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. इस्त्री तापेपर्यंत मावशी सगळ्या वाचकांना उत्तरं देऊन मोकळी व्हायची. मोठ्याने वाचणं बंद झालं. फोनच्या नावाने बोटं मोडण्यापलीकडे मी काय करणार?

एकदा तिने जुना स्वेटर उसवून लोकर पुन्हा कशी वापरावी, यावर लिहिलं. त्या पोस्टनंतर काजबटण यायचे थांबले. पुढच्या पोस्टला नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत. "गावाला गेले असतील," असं मावशी म्हणाली खरी, पण तिला चैन पडेना. शेवटी ती खुर्चीवर बसली, फोनवर जुन्या कॉमेंट काढल्या आणि कितीतरी दिवसांनी मोठ्याने वाचू लागली.

"मावशी, ही गेली त्याला महिना झाला. तिचा निळा स्वेटर उसवायला घेतला होता, पण हात पुढे जात नाही. काय करू?"

त्याखाली मावशीचं उत्तर होतं, "वा, खूप छान! असंच करत राहा!"

मावशीने फोन सुनेपुढे धरला. "अगं, हे मी लिहिलं?"

सून घाबरून म्हणाली, "आई, पुसून टाका ना. कुणाला कळणार आहे?"

"ज्यांना लागायचं त्यांना लागलंय ना? आता पुसलं तर माझं तोंड लपवल्यासारखं होईल. ते तिथेच राहू दे."

आणि मित्रांनो, तिने मला खाली काढलं! फडक्याने पुसलं, संगणकाला जोडलं. फोनकडे बघून मला काय उकळ्या फुटल्या म्हणून सांगू! मावशीने कळ दाबली. काहीच उमटलं नाही. पुन्हा दाबली. "गेला हा," ती म्हणाली आणि मला बाजूला सरकवलं.

तिने फोनच घेतला. मला वाटलं, झालं, आता पुन्हा बोट लावून मोकळी होणार. पण तिने तयार उत्तरांकडे बघितलंसुद्धा नाही. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत ती लिहू लागली.

"तुमची कॉमेंट न वाचताच मी उत्तर दिलं. फार चुकलं माझं. स्वेटर उसवू नका. सगळ्या गोष्टी कामाला लावायच्या नसतात. जमेल तेव्हा बाईंबद्दल लिहा, मी सगळं वाचीन."

मी माझ्या कळांवर लिहून घेतली असती, अगदी तशीच होती ती ओळन् ओळ. फोनमध्ये खोट काढायची म्हटली तर काढता येईना. तेच मला सगळ्यांत जास्त झोंबलं.

दोन दिवस काहीच आलं नाही. मावशी शिवण सोडून फोन बघायची. तिसऱ्या दिवशी काजबटणांची भली लांब कॉमेंट आली. तो स्वेटर घालून बाई त्यांच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसायच्या आणि "हळू चालवा हो" म्हणून सगळ्या प्रवाशांदेखत दटावायच्या. मावशीने शेवटपर्यंत मोठ्याने वाचलं. सून हातातलं काम ठेवून ऐकत राहिली.

मी आता बंद आहे. मला दुरुस्त करा, असं मी म्हणत नाही. जळणं मात्र गेलेलं नाही, खोटं कशाला बोलू? तो फोन खिशात शिरताना दिसला की अजूनही माझ्या पोटात दुखतं. पण मित्रांनो, तुम्ही फोनवर लिहा, नाहीतर माझ्या एखाद्या भावंडावर लिहा, उत्तराला बोट लावण्याआधी समोरच्याने काय लिहिलंय ते वाचा. तिकडे कुणीतरी मांडीवर स्वेटर घेऊन तुमच्या उत्तराची वाट बघत बसलेलं असतं.